माळ्यावरून उतरलेला बेस ॲम्प आणि त्याच्या पोटातला हम

ठाण्यात चरईतल्या एका जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आणि घरोघरचे माळे रिकामे व्हायला लागले. ओळखीतल्या एका काकांच्या माळ्यावरून दोन पत्र्याच्या ट्रंका, एक पाळणा आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला बेस गिटारचा ॲम्प, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, खाली आला. काका तरुणपणी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी, आणि गणपतीत तर रोजच. ॲम्प वीसेक वर्षं बंद होता. नावाची पाटी कधीच निघून गेलेली, एका बाजूचं रेक्झिन सुटलेलं, आत पालीच्या अंड्यांची टरफलं. त्यांच्या मुलाने मला फोन केला, “प्लग लावून बघतोय. चालला तर ठेवू, नाहीतर भंगारात.” मी म्हटलं, “अजिबात लावू नकोस, मी येतोय.”

नौपाड्यात, पाचपाखाडीत, चरईत असे माळे आता रोज रिकामे होतायत आणि अशा वस्तू खाली येतायत. म्हणून तो प्लग लावायचा का नाही आणि त्याऐवजी काय करायचं, हे जरा सविस्तर सांगतो.

आधी ओळख. बेस गिटारची सगळ्यात जाड तार, खालची E, सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारच्या जाड E तारेचे कंप ८२. म्हणजे बेस बरोबर एक सप्तक खाली. ऐकायला फरक एवढाच, पण ॲम्पसाठी हे काम फार जड असतं, कारण कान खालचे सूर कमी ऐकतो आणि ते ऐकू येण्यासाठी स्पीकरला खूप जास्त हवा हलवावी लागते. फेंडर कंपनीने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी बासमन नावाचा खास ॲम्प काढला. त्याच बासमनच्या पन्नाशीच्या दशकाअखेरच्या सर्किटवरून लंडनमध्ये मार्शलने आपला पहिला ॲम्प बांधला, आणि पुढे जगभरच्या छोट्या कारखान्यांनी ती रचना उचलली. काकांचा ॲम्प उघडल्यावर आत तेच घराणं दिसलं. पुढे तीन लहान व्हॉल्व्ह, ईसीसी८३ जातीचे; मागे दोन मोठे, ईएल३४ जातीचे; दोन जड ट्रान्सफॉर्मर आणि पट्टीवर ओळीने मांडलेले रेझिस्टर आणि कंडेन्सर.

लोकांची नजर आधी व्हॉल्व्हवर जाते. काचेचे असतात, चमकतात, आणि ते “उडतात” हे रेडिओच्या काळापासून सगळ्यांनी ऐकलेलं असतं. काकांनाही वाटत होतं की व्हॉल्व्ह बदलले की झालं. माझा अनुभव वेगळा आहे. नुसत्या पडून राहिलेल्या ॲम्पमध्ये व्हॉल्व्ह बहुधा धडधाकट असतात. आतल्या बाजूला काचेवर जो चंदेरी डाग असतो तो चंदेरीच राहिला असेल तर निर्वात शाबूत आहे. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. काकांचे पाचही डाग चंदेरी होते. वय होतं ते दुसऱ्याच भागाचं: फिल्टर कंडेन्सरचं.

फिल्टर कंडेन्सर काय करतो ते समजायला आपल्या इमारतीची गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं. पंप लागतो, टाकी भरते, आणि मग दिवसभर नळाला सारख्या धारेने पाणी मिळतं. टाकीच नसती तर पाणी आलं तेव्हा भसाभस, एरवी ठणठणाट. ॲम्पमध्येही असंच आहे. भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. डायोड तिला एकाच दिशेला वळवतात, पण त्यातून मिळते ती सलग धार नसते, सेकंदाला १०० ठोके असतात. त्या ठोक्यांनी फिल्टर कंडेन्सर भरतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या दहा मिलिसेकंदांत व्हॉल्व्हना तोच पुरवठा करतो. टाकी छोटी झाली किंवा गळायला लागली की हे ठोके थेट आवाजात शिरतात. तोच हम, सतत घुमणारा आवाज.

ही टाकी म्हातारी का होते? या कंडेन्सरच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि मध्ये रसायनात भिजवलेला कागद. पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. ४५० व्होल्ट अडवून धरण्याचं सगळं काम त्या थराचं. ॲम्प चालू असतो तोवर व्होल्टेजच तो थर दुरुस्त करत राहतं. ॲम्प वर्षानुवर्षं बंद राहिला की थर विरळ होतो, आणि रसायन हळूहळू सुकतं. अशा कंडेन्सरला एका झटक्यात पूर्ण व्होल्टेज दिलं तर थरातून करंट वाहायला लागतो, आत उष्णता आणि वायू तयार होतो, आणि तो फुगतो किंवा फुटतो. नुसता कंडेन्सर गेला तर हरकत नाही, तो मिळतो. पण जाताना तो मेन्सचा ट्रान्सफॉर्मर जाळून जाऊ शकतो, आणि तसाच्या तसा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणं कठीण. मुलाला मी प्लगला हात लावू दिला नाही, तो एवढ्यासाठीच.

त्याऐवजी काय करायचं, ते आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या इलेक्ट्रिशियनला माहीत असतं: सिरीज लॅम्प. एक होल्डर, एक सॉकेट आणि तारेचा पिवळ्या उजेडाचा १०० वॅटचा बल्ब. एलईडी इथे चालत नाही. बल्ब फेजच्या वाटेत असा जोडायचा की ॲम्पला जाणारी सगळी वीज बल्बमधूनच जाईल. ॲम्पमध्ये शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण पेटतो, आणि तरीही अर्ध्या अँपिअरपेक्षा कमीच करंट वाहतो. काही जळत नाही. ॲम्प ठीक असला तर बल्ब क्षणभर लख्ख पेटून, कंडेन्सर भरले की, मंद होतो. दहा मिनिटांत तयार होणारी ही फळी ट्रान्सफॉर्मर वाचवते. ज्यांच्याकडे डिमरस्टॅट (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) आहे त्यांनी तोही जोडावा, म्हणजे व्होल्टेज पाच-दहाच्या पायरीने तासाभरात चढवता येतं आणि विरळ झालेल्या थराला सावरायला वेळ मिळतो.

आता एक गोष्ट थांबून सांगायला हवी. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतं, आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतं. हे माणूस मारू शकतं. ज्यांनी उच्च व्होल्टेजवर कधी काम केलेलं नाही त्यांनी ॲम्प उघडू नये, जाणकाराकडे द्यावा. ज्यांनी केलंय त्यांनीही प्रत्येक वेळी आधी कंडेन्सर रिकामे करावेत: १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर, त्याला इन्सुलेटेड तारा आणि क्लिपा. १०० मायक्रोफॅरडची टाकी त्यातून साधारण पाच सेकंदांत रिकामी होते. मग मीटर लावून शून्य दिसलं की हात घालायचा. चालू ॲम्पवर मोजायचं असेल तर मीटरची काळी क्लिप आधी चेसिसला, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या पेटीला, लावायची, एक हात पाठीमागे, पायात रबरी चप्पल. आणि घरात दुसरं कोणीतरी जागं असलं पाहिजे. मी एकटा असताना चालू चेसिसमध्ये हात घालत नाही.

काकांच्या ॲम्पला दोन पिनांचा प्लग होता. म्हणजे धातूची पेटी आणि अर्थ यांचा काही संबंधच नाही. बेस वाजवणाऱ्याचे हात तारांवर असतात, तारा ॲम्पच्या चेसिसला जोडलेल्या असतात, आणि ओठ माइकला टेकतात. चेसिसमध्ये फेज उतरली तर करंट त्या माणसातून जातो. म्हणून पहिलं काम तीन पिनांची वायर. हिरवी तार चेसिसला स्वतंत्र नट-बोल्टने घट्ट, रंग खरवडून. पण तिसरी पिन लावली म्हणजे अर्थिंग मिळालंच असं नाही. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं आणि मागे तारच नसते. मीटरने फेज आणि अर्थ यांत मोजा, २३० च्या आसपास दिसायला हवं. काकांच्या घरात ते दिसलं नाही. तिथे आधी इलेक्ट्रिशियन बोलावला, ॲम्प नंतर. हम कमी व्हावा म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे वादक मी पाहिलेत. कृपा करून हे करू नका.

साफसफाई झाली. धुळीसाठी मऊ ब्रश, व्हॉल्व्हच्या सॉकेटांना आणि पॉटना (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांना) कॉन्टॅक्ट क्लीनर. खाडीकाठच्या दमट हवेत सॉकेटच्या पत्त्या काळ्या पडतात, आणि नुसता व्हॉल्व्ह दोन-चारदा आतबाहेर केल्याने निम्मी खरखर जाते. मग आधी व्हॉल्व्ह काढून, डिमरस्टॅट आणि बल्बमधून, व्होल्टेज हळूहळू चढवलं. व्हॉल्व्ह नसताना ओढ नसते, म्हणून डीसी नेहमीपेक्षा वर जातं. मीटरवर नजर ठेवून कंडेन्सरवर छापलेल्या मर्यादेच्या आत थांबायचं. कंडेन्सर टिकले. मग व्हॉल्व्ह बसवले, स्पीकर जोडला. इथे एक नियम पाठ करा: व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकरशिवाय कधी वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही तर त्यात प्रचंड उलटं व्होल्टेज तयार होतं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला स्पीकर नसण्याची भीती नाही, शॉर्टची आहे. दोन्हींची सवय असलेला माणूस इथेच चुकतो.

मिनिटभरात व्हॉल्व्ह तापले आणि मोठा हम सुरू झाला. मी मीटर शोधत होतो, तेवढ्यात काकांनी मांडीवरचा बेस उचलला, एक खुली तार छेडली आणि म्हणाले, “हा G आहे. पण किंचित चढा.”

त्या वाक्यात अर्धं निदान होतं. बेसची सगळ्यात बारीक खुली तार G, तिचे कंप सेकंदाला ९८. फिल्टरमधून निसटलेल्या ठोक्यांची संख्या १००. म्हणजे हम त्या G पेक्षा अर्ध्या सुराच्या साधारण एक तृतीयांशाने चढा. हाच हम एक सप्तक खाली, जाड E तारेच्या तिसऱ्या पट्टीवरच्या G जवळ, म्हणजे ५० कंपांचा असता, तर दोष फिल्टरचा नसता. ५० म्हणजे भिंतीतली मूळ वीज, ती अर्थिंगमधून, तुटक्या शिल्डमधून किंवा व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या हीटरच्या तारांतून शिरते. ज्याला बेस सुरात लावता येतो त्याला हा फरक कानाने सांगता येतो, कुठलंही यंत्र लागत नाही. इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथली वीज ६० कंपांची आहे, त्यामुळे त्यांचे आकडे ६० आणि १२० असतात.

काकांनी पुढे बोलता बोलता सांगितलं की शेवटच्या वर्षी कार्यक्रमात खालचे सूर “पसरायला” लागले होते, आणि वरच्या पट्ट्यांवर जोरात वाजवलं की खऱ्या सुरामागे दुसराच बेसूर सूर ऐकू यायचा. त्यांना वाटलं हात गेला. हात गेला नव्हता. फिल्टर कमजोर झाला की १०० कंपांचा तो ठोका वाजवलेल्या सुरात मिसळतो, आणि दोघांच्या बेरजेचे-वजाबाकीचे सूर उमटतात. आणि ४१ कंपांच्या E चा अर्धा हेलकावा बारा मिलिसेकंदांचा असतो. तेवढा वेळ व्हॉल्व्ह पुरवठ्यातून भरपूर करंट ओढतो, टाकी लहान असली की ती मध्येच खाली येते. म्हणून दुबळ्या फिल्टरचा त्रास आधी बेसवाल्याला होतो.

सुटे भाग आणायला मुंबईतला लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ठाण्याहून दादर, तिथे पश्चिम मार्गावर बदलून ग्रँट रोड. फिल्टर कंडेन्सर घेताना दोन आकडे पाहायचे. व्होल्टेज जुन्याइतकं किंवा जास्त, कमी कधीच नाही. मायक्रोफॅरड जुन्याच्या जवळपास. मोठा तो चांगला असं समजून दुप्पट-तिप्पट घालू नये, चालू होतानाचा झटका डायोडवर येतो. मी जुने कंडेन्सर व्होल्टेज देऊन सावरलेले असले तरी सगळे फिल्टर बदलले. तीस-चाळीस वर्षांच्या कंडेन्सरवर विश्वास ठेवून कार्यक्रमाला ॲम्प नेणं मला पटत नाही. पण मोहात पडून बाकीचं सगळं उपटायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. जे मोजून चांगलं निघतं ते राहू द्यावं. प्रत्येक नवीन सोल्डर ही नव्या चुकीची जागा असते.

फिल्टर बदलल्यावर वरचा G गेला आणि खाली दबलेला दुसरा हम ऐकू आला. काकांनी जाड तारेवर तिसरी पट्टी दाबून दाखवली. पन्नास! व्हॉल्व्हच्या हीटरना ६.३ व्होल्ट एसी मिळतं, आणि त्या दोन तारांच्या मधोमध चेसिसचा तोल साधायला १०० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. त्यातला एक जळून तुटला होता. दोन रुपयांचा भाग. तो बदलल्यावर शांतता झाली, म्हणजे व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये जेवढी होते तेवढी.

यापुढचा दोष ऐकू येत नव्हता, आणि तोच सगळ्यात घातक होता. दोन टप्प्यांच्या मध्ये कपलिंग कंडेन्सर असतो. त्याला ताणलेला रबरी पडदा समजा: एका बाजूचा हेलकावा दुसऱ्या बाजूला जातो, पण पलीकडचं पाणी अलीकडे येत नाही. त्याच्या एका बाजूला आदल्या व्हॉल्व्हचं शे-दोनशे व्होल्ट असतं, दुसऱ्या बाजूला मोठ्या व्हॉल्व्हची ग्रिड, म्हणजे त्याचा करंट आवरणारी जाळी, जिला उणे ३५-४० व्होल्टवर ठेवून आवर घातलेला असतो. पडदा पाझरायला लागला की अधिक व्होल्टेज ग्रिडवर येतं, आवर सुटतो, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो आणि त्याची प्लेट (आतला धातूचा पत्रा) अंधारात लालभडक दिसते. तसाच चालू ठेवला तर व्हॉल्व्ह जातो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही. तपासायला सोपं आहे. मोठे व्हॉल्व्ह काढा आणि दोन्ही सॉकेटच्या ग्रिडवर मोजा. आवर एकाच ठिकाणाहून येतो, म्हणून आकडे सारखे हवेत. काकांच्या ॲम्पमध्ये एका सॉकेटवर उणे ३८, दुसऱ्यावर उणे २९. दुसऱ्या बाजूचा कपलिंग कंडेन्सर पाझरत होता. कदाचित हाच पूर्वी व्हॉल्व्ह “उडवायचा”, आणि दरवेळी दोष व्हॉल्व्हला दिला जायचा.

जोडीचे दोन्ही बदलले आणि मग बायस लावला, म्हणजे मोठे व्हॉल्व्ह शांत असताना किती करंट ओढतील ते ठरवलं. ईएल३४ ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॅट उष्णता सोसते. त्याच्या ७० टक्क्यांवर थांबायचं, म्हणजे साडेसतरा. प्लेटवर ४४० व्होल्ट होते, भागाकार केला की ४० मिलिअँपिअर निघतात. प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर लावला की मोजणं अगदी सोपं: जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. मी ३५ वर थांबलो. आमच्याकडे रात्री मेन्स चढतं, आणि असे व्हॉल्व्ह आता भारतात बनत नाहीत. बंगळूरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी देशभरच्या रेडिओंना व्हॉल्व्ह पुरवले. आता ते स्लोव्हाकिया, रशिया किंवा चीनमधून येतात आणि महाग पडतात. आवाजात पाच मिलिअँपिअरचा फरक मला तरी ऐकू येत नाही, आयुष्यात मात्र पडतो.

राहिला स्पीकर, पंधरा इंची. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपास दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन्ही हातांची बोटं पसरून कोन हलकेच आत दाबला, घासल्याचा आवाज नाही. कॉइल सरळ आहे. कोनच्या कडेला पावसाळ्यांनी बुरशी धरली होती, ती कोरड्या ब्रशने काढली. पाणी लावायचं नाही, कागदच आहे तो. पेटीच्या मागच्या फळीचे स्क्रू सैल होते, ते बदलून फटीत फोमची पट्टी लावली, कारण बंद पेटीत हवा कुठूनही निसटली की खालच्या सुरांचा कस जातो.

सगळं झाल्यावर काकांनी खालची E वाजवली आणि एक भसाडी झरझर ऐकू आली. A वर नाही, D वर नाही, फक्त E आणि F वर. मी स्पीकर काढला, पुन्हा बसवला, व्हॉल्व्हवर पेन्सिलीने टिचक्या मारून पाहिल्या, हँडलचे स्क्रू आवळले. झरझर तशीच. शेवटी मुलाला आणि मला मिळून तो ॲम्प गच्चीवर न्यावा लागला. लांब वायर टाकून तिथे लावला, टाकीच्या सावलीत. काकांनी तीच E वाजवली. ४१ कंपांच्या लाटेची लांबी आठ मीटरहून जास्त असते, उघड्यावर तिला अडवायला भिंती नसतात, म्हणून आवाज खोलीपेक्षा लहान वाटला, पण स्वच्छ होता. झरझर घरातल्या शोकेसच्या काचेची होती.